बाराचा खेळ आणि दुसरी पाळी

रविवारी सकाळी लोकांना मुंबईतलं गिरणगाव फिरवून दाखवणं हे माझं काम. चिंचपोकळीहून निघायचं, चाळी आणि गिरण्यांच्या भिंती दाखवत भारतमाता सिनेमापाशी यायचं. तिथे मी जरा जास्तच रेंगाळतो. हे छोटं थिएटर इंडिया युनायटेड मिल नंबर एकच्या जमिनीवर उभं राहिलं. ती मूळची जेकब ससून मिल. १९७४ साली राष्ट्रीयीकरण झालं आणि गिरणी सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढे महामंडळाने थिएटरची जागा परत मागितली, तेव्हा रहिवासी आणि मराठी कलावंत रस्त्यावर उतरले.

त्या रविवारी नातीचा हात धरून एक आजी आल्या होत्या. वाटेत चकार शब्द बोलल्या नाहीत. मी पाळ्या सांगत होतो: पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. तेवढ्यात त्या पुढे झाल्या.

"हे गिरणीचं झालं, पोरा. खेळांचं सांग की. बाराचा खेळ कुणाचा, सहाचा कुणाचा?"

मी बाजूला झालो. पुढचा अर्धा तास आजीच बोलल्या.

मागच्याच चाळीत त्यांची खानावळ होती. "बाराचा खेळ दुसऱ्या पाळीवाल्यांचा. अकराला जेवायचे, तीनला खेळ सुटला की तसेच गिरणीच्या गेटात. तीनचा रात्रपाळीवाल्यांचा, झोप काढून उठलेल्यांचा. सहाचा पहिल्या पाळीचा. मला घड्याळ लागायचं न्हाई. खेळ सुटल्याचा गलका आला की भाकरी तव्यावर."

एकाने विचारलं, "रोज सिनेमा बघायचे?"

"रोज कुठलं! पण पावसाळ्यात जायचे. एकेका खोलीत वीस-वीस गडी, पाळीपाळीनं झोपायचे. ज्याची झोपायची पाळी न्हाई त्यानं जावं कुठं? तिथं तीन तास कुणी ऊठ म्हणत न्हाई."

थिएटरचा इतिहास म्हणजे मालक कोण आणि उद्घाटन कधी, एवढंच सहसा लिहिलं जातं. भारतमाताचा इतिहास पाळ्यांवरून लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं. इथे मराठी चित्रपटाला हक्काची जागा मिळाली, तीही खुर्चीवर बसणारा माणूस रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून आलेला होता म्हणूनच.

मग विषय गिरणी संपावर आला. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळात १९७५ पासूनच एकत्र येऊ लागल्या होत्या, पण या संपाने त्यांच्याही चुली हलल्या.

"पयले दोन म्हैने खेळाला जात होते," आजी म्हणाल्या. "मग नुसतीच शो-कार्डं बघत उभे राहायचे. आत घंटा झाली की माघारी. जेवायला मात्र यायचे. हाकलायचं कसं?"

"उधारी किती बुडाली, आजी?" गटातल्या एका मुलाने विचारलं.

"वही मी फाडली. माणसं गावाला गेली. काही आली, काही न्हाई."

नातीलाही हे सगळं नवीन होतं. तिने विचारलं, "आजी, तू आत जाऊन कधी बघितलास का गं सिनेमा?"

"बाराला भांडी, तीनला निवडटिपण, सहाला चूल. मी कधी जाणार? एकदाच गेले. भाऊबीजेला. गड्यांनी आपसात वर्गणी काढली, आम्हा चाळीतल्या चार खानावळवाल्यांची नवाच्या खेळाची तिकिटं आणली आणि म्हणाले, मावशी, ही ओवाळणी."

"मग त्या रात्री त्यांना जेवायला कोणी वाढलं?"

"सकाळच्या भाकरी होत्या. त्यांनी त्यांचंच वाढून घेतलं, आणि ताटंबी घासून ठेवली."