तुम्ही विचारलंत म्हणून: ल्यूथरन माणसाने सरकारचे किती ऐकावे?

चर्चच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न हमखास येतो. सर्वांनी सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहावे असे बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर ते उचलून धरतो, मग त्याच्या पंथातला ल्यूथरन माणूस सरकारपुढे मान तुकवण्यापलीकडे करणार तरी काय?

शंका निराधार नाही. 1525 च्या शेतकरी उठावात ल्यूथरने बंडखोरांना ठार मारण्यास सरदारांना चिथावले. त्याचे समर्थन मला करता येत नाही. मात्र ऐहिक सत्तेची हद्द आखणारी पुस्तिकाही त्याचीच, 1523 सालची. त्याने भाषांतरित केलेला नवा करार लोकांनी आणून जमा करावा, असा हुकूम सॅक्सनीचा ड्यूक गेऑर्ग याने काढला होता. त्यावर ल्यूथरचा सल्ला असा, की एक पानही स्वतःहून नेऊन देऊ नका. शिपाई घरात शिरून जबरदस्तीने नेऊ लागले, तर हात उगारू नका. जीवित आणि मालमत्ता यांवर राजाचा अधिकार चालतो, श्रद्धेवर चालत नाही.

या सल्ल्याचा खरा कस दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त नॉर्वेत लागला; तेथील चर्च ल्यूथरन. 1 फेब्रुवारी 1942 रोजी नाझींचा नॉर्वेजियन साथीदार क्विस्लिंग सत्तेवर बसला, त्या दिवशी ट्रॉनहाइमच्या निदारोस कॅथीड्रलमध्ये त्याच्या पक्षासाठी उपासना झाली. तेथील प्रमुख पाळकांनी आपली उपासना दुपारी ठेवली, तर पोलिसांनी लोकांना दारातच अडवले. कडाक्याच्या थंडीत बाहेर उभ्या राहिलेल्या जमावाने ल्यूथरचेच गीत म्हटले. पाळक बडतर्फ झाले आणि त्याच महिन्यात सातही बिशपांनी राजीनामे दिले. त्या राजीनाम्यांची मांडणी मला फार मोलाची वाटते: तेथे पाळक हा सरकारी नोकर, म्हणून सरकारने दिलेले तेवढे पद त्यांनी परत केले आणि दीक्षेने आलेली जबाबदारी स्वतःकडे ठेवली. ईस्टरला बहुसंख्य पाळक त्याच वाटेने गेले. ओस्लोचे बिशप बेर्गग्राव्ह यांनी तर गाडीवानच वेडा झाला, म्हणजे सत्ताधारीच बेभान झाला, तर काय करायचे, हा प्रश्न ल्यूथरच्याच आधाराने 1941 मध्ये मांडला होता. पुढे त्यांना नजरकैद भोगावी लागली.

माझा आक्षेप निराळा आहे. या शिकवणीने चर्चला स्वतःचा उंबरठा राखता आला, पण शेजाऱ्याचे काय? नोव्हेंबर 1942 मध्ये नॉर्वेच्या चर्चने ज्यूंच्या छळाविरुद्ध क्विस्लिंगला निषेधाचे पत्र पाठवले, आणि तरी 26 नोव्हेंबरला ‘डोनाऊ’ जहाज पाचशेहून अधिक ज्यूंना घेऊन ओस्लोहून निघालेच.

आज जर्मनीत निर्वासित कुटुंबाला देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला की काही मंडळ्या त्याला चर्चमध्ये आसरा देतात. लपवाछपवी नसते; कुटुंब आमच्याकडे आहे असे त्या अधिकाऱ्यांना रीतसर कळवतात आणि प्रकरणाचा फेरविचार मागतात. गेऑर्गच्या हुकमाला दिलेल्या उत्तराशी हे बरेच जुळते, फक्त या वेळी मागणी पुस्तकाची नसून माणसांची आहे, आणि एवढ्या सौम्य नकाराने माणसे वाचतीलच अशी खात्री मी तुम्हाला देऊ शकत नाही.