तुम्ही विचारलेत म्हणून: बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) आणखी का वाढवून देत नाही?

"टर्बो तोच आहे, मग १.१ बारवरच का थांबता?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी मी भित्रा आहे असे आधीच ठरवलेले असते. मी भित्रा नाही. बूस्ट वाढवणे पाच मिनिटांचे काम आहे; त्या वाढलेल्या हवेला पुरेल इतके पेट्रोल भर उन्हात, शेवटच्या आरपीएमपर्यंत पोहोचते की नाही हे पाहण्यात दिवस जातो. निवांत चालवताना हवा-पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण (वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) ठीक असते, पण पूर्ण बूस्टवर मला ते १२ च्या खाली हवे असते, कारण जादा पेट्रोल सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते आणि नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी होणारा स्फोट, टळते.

काही वर्षांपूर्वी मित्राच्या गाडीचा बूस्ट मी ०.८ वरून १.१ बारवर नेला. सपाट हायवेवर चार-चार सेकंदांचे लॉग (सेन्सरच्या नोंदी) घेतले, प्रमाण ११.८, सगळे ठीक. मग मे महिन्यातल्या एका दुपारी खंबाटकी घाट चढताना त्याने तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि मी शेजारी बसून वाइडबँडच्या, म्हणजे हेच प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरच्या, मीटरवरचे आकडे पाहत होतो: ११.८, १२.४, १३.१. जुन्या पंपाचा दाब लांब चढावर पडत होता. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा नॉकिंगचा आवाज आला. "पाय काढ" म्हणायला मला दोन सेकंद लागले, आणि आकडे दिसत असूनही ते का लागले याचे उत्तर माझ्याकडे नाही. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिठाच्या कणांएवढे ॲल्युमिनियमचे चकाकते ठिपके होते. पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटली होती. मित्राने माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही, आणि तेच मला अधिक जड गेले.

माझ्या मनातला तेव्हाचा मी आजही वाद घालतो, की दोष बूस्टचा नव्हता, पंपाचा होता. नवा पंप आणि ९५ ऑक्टेनचे, नॉकिंगला सहज बळी न पडणारे पेट्रोल असते, तर तेच इंजिन १.१ बारवर आजही धावत असते. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. कदाचित तुमच्या गाडीला १.३ सहज झेपेल आणि मी उगाच अडवतो आहे. तरीही इंधनदाबाचा सेन्सर बसवून, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आपल्या क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या आत राहतात हे दाखवणारा अखंड घाटाचा लॉग हाती येईपर्यंत मी वेस्टगेटला (बूस्टची मर्यादा ठरवणाऱ्या झडपेला) हात लावत नाही, आणि त्या लॉगच्या वेळी ॲक्सिलरेटरवर पाय माझाच असतो.