अडीच रुपयांचा शब्द

अनुवादाचा दर शब्दावर ठरतो. कायद्याच्या कागदांना मला शब्दामागे अडीच रुपये मिळतात. मागच्या महिन्यात एका शब्दावर मी तीन दिवस घातले, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

शब्द होता ‘युझुफ्रक्ट’. फोंड्याकडचं नऊ पानी बक्षीसपत्र, इंग्रजीतलं. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निपुत्रिक काकी घर आणि कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, भाच्याच्या नावे करून देत होत्या आणि ‘युझुफ्रक्ट’, म्हणजे वापराचा आणि उत्पन्नाचा हक्क, तेवढा स्वतःकडे राखून ठेवत होत्या. शाळा मराठीतून झालेली, इंग्रजी येत नाही. मराठीत वाचल्याशिवाय सही करणार नाही, असा त्यांचा हट्ट. वकिलांना ही कटकट वाटत होती. मला मात्र वर्षभरात भेटलेलं हे सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक वाटलं.

गोव्यात या शब्दाचं कुणाला नवल नाही. पोर्तुगालची 1867ची नागरी संहिता 1870 पासून तिथे लागू झाली, तिच्याबरोबर तो आला. आपल्याकडे तो 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाच्या एका प्रकाराला चिकटून आहे, आणि त्यालाही लोक ‘ताबेगहाण’ म्हणून मोकळे होतात.

ज्यांच्यासाठी मी काम करते त्यांच्या सॉफ्टवेअरनं सुचवलं, ‘भोगवटा’. तपासनिसांनीही त्यावर बरोबरची खूण केली. तिथे माझं डोकं फिरलं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 1’ म्हणजे लोकांच्या लेखी जमिनीचा मालकच. काकी मालकी देऊन टाकताहेत आणि उत्पन्न राखताहेत; ‘भोगवटा’ लिहिलं की वाचणारा नेमकं उलटं समजणार. तपासनीस म्हणाले, “संदर्भानं कळतं हो.” ज्यांना कधी तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही, त्यांना सगळंच संदर्भानं कळतं.

म्हणून मुळाशी गेले. लॅटिनमध्ये ‘ऊसुस’ म्हणजे वापर, ‘फ्रुक्तुस’ म्हणजे फळ. पण हे फळ ज्या क्रियापदातून आलं त्याचा अर्थ ‘उपभोगणे’. जे उपभोगायचं ते फळ, असा तिथला क्रम. इंग्रजीतल्या ‘फ्रुइशन’चा अर्थही आधी उपभोग एवढाच होता, ‘फळाला येणं’ हा अर्थ ‘फ्रूट’शी असलेल्या साम्यामुळे पुढे चिकटला. रोमन कायदेपंडित पाउलुसची व्याख्या सम्राट जस्टिनियनच्या 533 सालच्या कायदेसंग्रहात आहे: दुसऱ्याच्या वस्तू वापरण्याचा आणि त्यांची फळं घेण्याचा हक्क, ‘साल्वा रेरुम सुब्स्तान्तिया’, म्हणजे मूळ वस्तू शाबूत ठेवून.

या तीन शब्दांवर रोमन लोकांनी काय काथ्याकूट केला आहे! मेंढ्यांच्या कळपाची कोकरं उपभोग घेणाऱ्याची, पण मेलेल्या मेंढ्यांची जागा त्याच कोकरांनी भरून द्यायची. दासीचं मूल मात्र ‘फळ’ धरायचं नाही, कारण फळं माणसासाठी असतात, माणूसच फळ कसा होईल? (दासी ठेवायला हरकत नव्हती, तो वाद त्यांना पडला नाही.) आणि पिकलेली फळं तोडण्याआधीच उपभोग घेणारा मेला, तर ती मालकाची, त्याच्या वारसांना त्यातलं एकही नाही.

शासकीय परिभाषेत ‘फलोपभोग’ आहे. शब्द चोख आहे, पण त्यात ‘शाबूत ठेवून’ कुठेच ऐकू येत नाही. जुने दस्त लिहिणारे सरळ लिहीत, ‘तहहयात उपभोग घ्यावा, विक्री, गहाण, दान करू नये.’ शेवटी मी ‘तहहयात फलोपभोगाचा हक्क’ लिहिलं आणि खाली तीन ओळींची टीप दिली. टीप काढून टाकण्यात आली. अनुवादात टीप नसते म्हणे.

मग काकींच्या भाचीनं पुण्याहून फोन जोडून दिला आणि टीप मी तोंडी सांगितली. काकींनी ऐकून घेतलं.

“म्हणजे पोफळीची सुपारी माझी?”

“हो काकी, तुम्ही असेपर्यंत.”

“आणि पाडेल्यानं पाडलेले नारळ?”

“पाडलेले तुमचे.”

“आणि माड मेला तर?”

गोव्याच्या कायद्याचं वकिलांना विचारा, असं मी आधीच बजावलं होतं. पण रोमन नियम सांगण्याचा मोह आवरला नाही. मेलेल्या झाडाच्या जागी दुसरं लावायचं, तेही उपभोग घेणाऱ्यानंच.

पलीकडे थोडा वेळ नुसता कावळा ओरडताना ऐकू आला. “बाय, माड धरायला सहा-सात वर्षां लागतात. मी कुठली खाते त्याचे नारळ?” तक्रार वाटली नाही, बाजाराचा हिशेब मांडावा तसं म्हणाल्या. “मग सरळ लिही ना. खायचं नि राखायचं. राखणदार.”

कोकणात, गोव्यात वेशीवरचा राखणदार ठाऊक नाही असं घर सापडणार नाही. जागा त्याच्या नावावर नसते, नैवेद्य मात्र त्याचा असतो, आणि जागेला धक्का लागला तर जाब त्याला विचारतात. मला तीन दिवसांत न सुचलेला अर्धा भाग काकींनी पाच मिनिटांत भरला होता. पण दस्तात ‘राखणदाराचा हक्क’ कसा लिहिणार? निबंधकाच्या कार्यालयात हसले असते, आणि तपासनिसांनी तर बहुधा तो सुरक्षारक्षक केला असता.

सही झाली, ‘फलोपभोग’वरच. भाचीकडून नंतर कळलं की काकींनी विहिरीजवळ दोन रोपं लावली.