कथा मध्येच अडते तेव्हा : माझा अनुभव

आधी आराखडा करायचा की सरळ लिहीत सुटायचं, या वादात मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे. दोन्हीकडचे लोक सुरुवातीबद्दल भरभरून बोलतात, शेवटाबद्दलही बोलतात. मधल्या भागाचं नाव काढलं की सगळे गप्प. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या दीर्घकथेत थोरली बहीण वडिलांचं घर विकायला निघते आणि धाकटी अडवते. सुरुवात एका बैठकीत झाली. कथानक शेवटापर्यंत आखल्याशिवाय लेखणी उचलू नये, असं अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४६च्या निबंधात बजावलंय. शेवट तर माझ्याकडे तयार होता. तरी बहिणी भांडल्या, रुसल्या, परत भांडल्या. पानं वाढत होती, कथा जागच्या जागी.

मग साचे धुंडाळले. तीन अंकी रचनेत मधला अंक साधारण निम्मी कथा खातो, आणि त्यासाठी सूचना काय, तर ‘संघर्ष वाढवा’. अहो, पण कसा? जर्मन लेखक फ्रायटागच्या १८६३च्या पिरॅमिडमध्ये, म्हणजे नाटकाच्या चढउताराच्या आराखड्यात, चढण आहे, शिखर आहे. पण तो पाच अंकी नाटकांवरून बेतलेला. घरातल्या कुरबुरीला ते शिखर झेपेना. एका वाक्याचा परिच्छेद, परिच्छेदाचं पान अशी कथा वाढवत नेणारी ‘स्नोफ्लेक’ पद्धतही करून पाहिली. रटाळ प्रसंग तेवढे तपशीलवार रटाळ झाले.

(प्रसंग वहीत नको, सुट्या कार्डांवर लिहा. क्रम बदलता येतो आणि फेकताना जीव तुटत नाही.)

गाठ सुटली ती कार्डांमुळेच. सगळी मांडली तर प्रत्येक कार्डावर हालचाल थोरलीची. धाकटी नुसती ‘नाही’ म्हणायला हजर. मग कथा बाजूला ठेवून फक्त धाकटीच्या बाजूने लिहून काढलं : ती कोणाला भेटते, थोरलीला काय कळू देत नाही. तर बाईंनी घरात गुपचूप भाडेकरू ठेवलेला! आता थोरलीची प्रत्येक खेळी कुठेतरी आपटायला लागली आणि मधली पानं भराभर झाली. धाकटीचं ते टिपण जसंच्या तसं कथेत कुठेच नाही, पण त्याच्यावाचून काही हललं नसतं.

पुनर्लेखन नेहमीसारखंच. हां, अडलेल्या जागी भाषा घासत बसू नका. नंतर ते प्रसंगच जातात. माझी बहुतेक भांडणं गेली. त्यातलं एक फार सुरेख जमलं होतं, ते दुसऱ्या कुठल्यातरी बहिणींसाठी राखून ठेवलंय.