तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकन कथा वाचायची तर सुरुवात कुठून?

हा प्रश्न मला सारखा येतो आणि विचारणाऱ्याला बहुतेक दहा नावांची यादी हवी असते. यादी मी देत नाही. एकच कथा वाचा म्हणतो, पण तिची दोन रूपं वाचा.

झालं असं, कॉलेजात एका मित्राने मला रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराच्या 'द बाथ' या कथेची झेरॉक्स दिली. आई पोराच्या वाढदिवसाचा केक सांगून येते, चॉकलेटचा, वर अंतराळयान वगैरे, आणि वाढदिवसाच्याच दिवशी शाळेत जाताना पोराला गाडी उडवते, पोरगा हॉस्पिटलात, डोळे उघडत नाही, आणि इकडे घरी फोन येतायत की केक नेला नाहीत, सोळा डॉलर. आई जरा अंघोळीला म्हणून घरी येते, फोन वाजतो, पलीकडचा माणूस म्हणतो स्कॉटीबद्दल आहे, म्हणजे त्या पोराबद्दल. संपलं. मी दुसऱ्या दिवशी मित्राला म्हटलं, अरे शेवटचं पान झेरॉक्सवाल्याकडे राहिलं तुझं. तो इतका हसला! कथा तिथेच संपते, फोन हॉस्पिटलचा की बेकरीवाल्याचा तेही आपणच ठरवायचं.

पण मी अगदीच चुकलो नव्हतो हे खूप नंतर कळलं. पानं खरंच गेली होती, गॉर्डन लिश नावाच्या एडिटरच्या कात्रीत. ही कथा 1981च्या ज्या संग्रहात आली, त्याचा निम्म्याहून जास्त मजकूर त्याने उडवला. कार्व्हरने जुलै 1980 मध्ये पत्र लिहून अक्षरशः हातापाया पडून सांगितलं की हे छापू नकोस, तरी पुस्तक आलं, आणि वाईट म्हणजे त्याच पुस्तकाने त्याचं नाव झालं.

मग 1983च्या 'कथीड्रल' संग्रहात ती कथा लांब रूपात आली, 'अ स्मॉल, गुड थिंग' नावाने. इथे पोरगा जातो. फोन कोण करतंय ते आईच्या लक्षात येतं आणि नवराबायको मध्यरात्री संतापून बेकरीत धडकतात. बेकरीवाला आधी लाटणं हातात घेऊन उभा, आणि खरं कळल्यावर टेबलावरचा पसारा बाजूला सारून त्यांना बसवतो, ओव्हनमधले गरम दालचिनीचे रोल, लोणी, कॉफी पुढे ठेवतो, खा म्हणतो. आई तीन रोल खाते. एवढंच! मला कित्येक वर्षं छोटी कथाच भारी वाटायची, न सांगण्यातली हुशारी वगैरे. आता ते तीन रोल जास्त खरे वाटतात, आपल्याकडे पण दुःखाच्या घरी शेजारचे पिठलंभात आणून देतातच की.

आणि कार्व्हर मुळात छोटं का लिहायचा, तर वेळच नसायचा. बाप लाकडाच्या गिरणीत, स्वतःचं विशीच्या आत लग्न, लगोलग पोरं, झाडूपोछाच्या नोकऱ्या, घरात बसायला जागा नाही म्हणून गाडीत जाऊन मांडीवर वही ठेवून लिहायचा. एका बैठकीत होईल तेवढंच हातात. लोक त्याला मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमी शब्दांत लिहिणं, म्हणायला लागले, त्याला तो शब्द आवडायचा नाही.

हे पचलं की पुढे फ्लॅनरी ओकॉनर घ्या, जॉर्जियातली, ती अगदी उलट, तिच्या कथेत शेवटी बंदूक निघते. झुंपा लाहिरी तर तुम्ही वाचली असेलच, पहिल्याच संग्रहाला 2000चं पुलित्झर पारितोषिक.

ती लांब कथा मी एकदा आईला सांगितली, ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग केकचं काय झालं?" मी परत उघडून बघितलं. बेकरीवाला आधी अर्ध्या किमतीत देतो म्हणतो, मग नुसताच घेऊन जा म्हणतो, आता तो कुणाच्याच कामाचा नाही.

"नेला नसेल," आई म्हणाली आणि मेथीची जुडी सोडली.