रकमेखालच्या दोन ओळी

लंडन मॅरेथॉनला जायचे ठरले तेव्हा एका जवळच्या मित्राने मला सरळ विचारले होते, "पळणार तू, मग पैसे आम्ही का द्यायचे? प्रवासाचा खर्चच त्या संस्थेला देऊन टाक की." प्रश्न रास्त होता. प्रवास आणि मुक्काम माझ्या पदरचा असेल, देणगीतला एक पैसाही त्यासाठी खर्च होणार नाही, एवढेच मी त्याला सांगू शकले. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही, हे मलाही कळत होते.

या स्पर्धेसाठी येणारे अर्ज जागांच्या कितीतरी पट असतात, त्यामुळे सोडतीत नाव लागणे कठीण. दुसरा मार्ग सेवाभावी संस्थांचा. संस्था आयोजकांकडून काही जागा विकत घेतात आणि त्या जागेवर पळणारा किमान एवढा निधी उभा करीन असे वचन देतो. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेतून आजवर एक अब्ज पौंडांहून अधिक निधी उभा राहिला आहे. मी ज्या संस्थेसाठी पळत होते, तिच्या परिचारिका असाध्य आजाराच्या रुग्णांची अखेरच्या दिवसांत घरी जाऊन शुश्रूषा करतात. माझ्या वडिलांचे शेवटचे दिवस अशाच एका परिचारिकेमुळे सुसह्य झाले होते.

सराव मी आनंदाने केला, पण लोकांपुढे हात पसरणे फार जड गेले. निरोप लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा, असे आठवडे गेले. अशा वेळी मला टेरी फॉक्स आठवे. कर्करोगाने एक पाय गमावलेला हा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन पळत कॅनडा ओलांडायला निघाला आणि आजार उलटल्यामुळे थांबावे लागेपर्यंत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. त्याने प्रत्येक देशबांधवाकडे मागितला होता फक्त एक डॉलर. मागण्यात संकोच वाटावा असे काही नाही, हे मी त्याच्याकडून शिकले.

लंडनला पोहोचल्यावर पहिले काम एक्सेल सेंटरमध्ये जाऊन धावक्रमांक घेण्याचे. तो मुक्कामाच्या खोलीत बनियनवर चार पिनांनी लावताना मी देणगीचे पान पुन्हा वाचायला घेतले. रकमेखाली दोन ओळी लिहिण्याची तिथे सोय असते. त्यांत शुभेच्छा असतील असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात बहुतेकांनी आपापली गेलेली माणसे लिहिली होती. माझ्याशी एरवी कामापुरतेच बोलणाऱ्या एका सहकारी बाईंनी लिहिले होते, "शेवटच्या रात्री आलेल्या परिचारिकेने आईचे केस विंचरून दिले होते. आईला ते फार आवडायचे." इतकी वर्षे शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हते.

रविवारी सकाळी ग्रीनिचच्या बाजूने निघालो. वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटलेले गट पुढे एकत्र होतात आणि सगळा रस्ता माणसांनी भरून जातो. वाटेत सर्वांत कमी अंतराचा मार्ग दाखवणारी निळी रेघ असते; पण या गर्दीत मी तीवर कशी राहणार? माझे लक्ष तर पुढच्यांच्या पाठींवर होते. कुणाच्या पाठीवर छायाचित्र, कुणाच्या पाठीवर नाव आणि दोन वर्षे, जन्माचे आणि मृत्यूचे. एका उंच गृहस्थांच्या पाठीवर लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत "आजीसाठी" अशा अर्थाचे शब्द होते, आणि घामाने त्यांतले शेवटचे अक्षर पसरत चालले होते. दहा किलोमीटरच्या सुमारास कटी सार्क हे जुने जहाज मागे पडले, तरी मी त्यांच्याच मागे होते.

अर्ध्या अंतराच्या थोडे अलीकडे टॉवर ब्रिज लागतो. तिथला जल्लोष छातीत घुमतो. पूल उतरून उजवीकडे वळले की समोरून, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, पस्तिसावा किलोमीटर गाठलेले वेगवान धावक परतताना दिसतात, आणि आपल्याला तिथवर यायला अजून किती पळायचे आहे ते उमगते.

कॅनरी व्हार्फच्या उंच इमारती ओलांडल्यावर माझे पाय थांबले. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपत आला की अंगातले बळ एकाएकी ओसरते. धावपटू याला "भिंत" म्हणतात. मी चालू लागले. तेव्हा देणगीच्या पानावरच्या ओळी एकेक करून आठवू लागले, आणि केस विंचरल्याची ओळ आली तिथे पुन्हा धावू लागले. मित्राच्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच सापडले. प्रवासाची रक्कम मी गुपचूप देऊन टाकली असती तर पैसे पोहोचले असते, पण मी कुणाकडे मागितलेच नसते, आणि मग त्या बाईंनी आपल्या आईबद्दल कुणाला सांगितले असते?

थेम्सचा काठ, बिग बेन, बर्डकेज वॉक आणि शेवटी द मॉलवरची समाप्तीची रेषा. १९८१ च्या पहिल्या स्पर्धेत डिक बियर्डस्ली आणि इंगे सिमोन्सेन हे दोघे हातात हात घालून एकत्रच पहिले आले होते. माझ्या शेजारीही एक अनोळखी मुलगी रडत पळत होती. मी हात पुढे केला, तिने तो धरला, आणि आम्ही रेषा ओलांडली.

पदक गळ्यात घालून मी सेंट जेम्सेस पार्कच्या कडेला बसले आणि फोन काढला. बोटे थरथरत होती. पहिले उत्तर त्या सहकारी बाईंना लिहिले: "तुमच्या आईंचे नाव काय होते?"