तृतीयेची सुकती

हरिहरेश्वरला देवळामागून टेकडी चढायची, झाडीतून पलीकडे जायचं आणि गणेश गल्लीच्या अरुंद पायऱ्या उतरायच्या. खाली काळ्या कातळाचा सपाट पट्टा आणि त्यात सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, मागे राहिलेली पाण्याची डबकी. चालणं थोडंच, पण कॉलेजच्या मुलांसाठी मी ज्या किनारा-सहली नेते त्यांत आखायला सगळ्यात किचकट हीच.

कारण वेळ आपल्या हातात नसते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे सुकती सकाळी आठच्या आसपास. हा झाला अंदाज. मग सर्व्हे ऑफ इंडियाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं, आणि तेही मुंबईचं असेल तर इथे पाणी थोडं आधीच फिरतं हे धरायचं, कारण आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत येते. मोबाइलवर मुंबईची वेळ बघून निर्धास्त उतरणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. शिवाय कोष्टक पाण्याची पातळी सांगतं, लाटा नाही. त्यासाठी इन्कॉइस या सरकारी सागर-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघावाच लागतो.

या वेळी सहल ठरवणाऱ्या कंपनीला आधीच्या आठवड्यातली अष्टमी हवी होती. भरती सहाला, सुकती दुपारी बाराला, म्हणजे सगळ्यांचा नाश्ता निवांत होतो. पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची सुकती. पाणी पुरेसं उतरतच नाही, खालची डबकी बुडालेलीच राहतात. मुलांना ओला कातळ दाखवून परत आणायचं का? भांडून मी माघ वद्य तृतीया घेतली. पुनवेनंतर दोन-तीन दिवस उधाणाचा जोर असतो, पाणी खोल ओसरतं.

सातला आम्ही खाली होतो. उतरत्या पाण्यामागे जायचं आणि पाणी फिरलं की लवकरच मागे वळायचं, हा माझा नियम. समुद्राकडे पाठ करायची नाही, हिरव्या शेवाळावर पाय टाकायचा नाही, कालवांवर हात टेकायचा नाही. उलटलेला दगड होता तसा ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. एका डबक्यात समुद्रफुलं पसरलेली होती. एका मुलीची सावली पडली आणि शेजारच्या शंखातला संन्यासी खेकडा आत ओढला गेला. तो परत बाहेर येईपर्यंत ती मुलं श्वास रोखून उभी होती. वर्गात कधीही न बोलणारा एक मुलगा कातळाची पोळ्यासारखी भोकं बघून विचारत होता, हे मिठाने कसं होतं? शिंतोड्यांचं पाणी दगडात मुरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण सुटत जातात, असं सांगितलं. त्याने बोटाने चाचपून बघितलं. अशा प्रश्नांसाठीच मी हे काम करते.

नऊला मुलांना वर धाडायला सुरुवात केली. सगळ्यात शेवटी मी. दहा वाजत आले होते, तेव्हा पायऱ्या उतरून एक कुटुंब आलं. आजी सत्तरीपुढच्या, मुलगा, सून, दोन नातवंडं. घाटावरची मंडळी, बस उशिरा पोचलेली. पुढे कातळाला वळसा घालून देवळाची प्रदक्षिणा पुरी करायची होती.

समोरचा कातळ कोरडा दिसत होता. फसवणूक नेमकी इथेच होते. पाणी फिरल्यावर पहिल्या तासात ते जेमतेम चढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढाच्या निम्मं येतं. तो तिसरा तास सुरू होत होता, आणि आजींची चाल बघता वळणावर त्या सव्वा-साडेदहाला पोचल्या असत्या.

मी म्हणाले, "आजी, इथून मागे फिरा."

"अगं पोरी, फेरा अर्धा टाकून माघारी जायाचं व्हय? देवाचा नवस हाय."

मुलगा म्हणाला, "ताई, पाणी तर लांब आहे."

मी हटले नाही. नातवंडांचे हात धरून त्यांना पायरीवर बसवलं आणि पाणी कसं वाढेल ते दाखवलं. मुलाला पटलं. आजींना नाही. उठताना त्या म्हणाल्या, "माझा राहिलेला फेरा तुझ्याकडं." चिडून नाही, हिशेब सांगावा तशा.

टेकडीवरून मी बघत राहिले. साडेदहाच्या पुढे दोन तरुण त्याच वळणावरून गेले. एक लाट त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली, ते हसत पलीकडे पोचले. म्हणजे आजीही गेल्या असत्या? मुलगा आणि सून हात धरायला होते. की एका लाटेत त्यांचा पाय सुटला असता? याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. वाटेत आडवून मी त्यांची श्रद्धा मोडली की जीव राखला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पुन्हा तीच वेळ आली तर आडवेनच, एवढं मात्र नक्की.

इथल्या कालवं काढणाऱ्या बायका कोष्टक बघत नाहीत. पाणी लागलं की उठतात. ती समज दर्शनाला येणाऱ्यांकडे कुठून असणार? बसने आणणाऱ्यांनी निघण्याआधी तिथी विचारायला हवी. जवळच्या दोन खानावळींना मी आता दर पंधरवड्याला सुकतीच्या वेळा लिहून देते. एकीने फळ्यावर लावल्या आहेत. दुसरी म्हणते, गिऱ्हाईक घाबरतं.

कंपनीचा काल फोन आला होता. पुढची तुकडी, पुन्हा अष्टमी, अकराची वेळ. मी नाही म्हणून सांगितलं आणि अमावास्येनंतरची द्वितीया कळवली.